शिकाऱ्यांचा जर्मन पाइप पुन्हा पुन्हा गुडगुडतोय? तंबाखू बदलण्याआधी बूच बघा

तिसऱ्या-चौथ्या झुरक्याला खालून आवाज सुरू होतो. गुड्गुड्, गुड्गुड्. आणखी दहा मिनिटांनी जिभेवर एक थेंब येतो आणि तोंड असं कडू होतं की नंतरचा चहासुद्धा वाया जातो. मग पाइप सोडवायचा, धुवायचा, दोन दिवस वाळवायचा, पुन्हा जोडायचा. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि परत गुड्गुड्. माझ्या पाइपने मला वर्षभर असं खेळवलं. कारण शेवटी सापडलं, आणि मी जिथे शोधत होतो तिथे ते नव्हतंच, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अरे, गुडगुडी आणलीस की काय घरात?" गुडगुडीत धूर पाण्यातूनच यायचा असतो, ती वाजली नाही तर चूक. ह्या पाइपातही पाणी जमतं, पण धुराने त्याला शिवायचं नसतं. भानगड एवढीच आहे. ती मला कळायला फार वेळ लागला.

आधी पाइप कसा आहे ते सांगतो, कारण त्याची घडण माहीत नसेल तर पुढचं काहीच लागणार नाही. मी जर्मनीत उल्मला राहतो. तिथल्याच एका जुन्या बाजारात हा घेतला. चिनी मातीची उंच वाटी, तिच्यावर सेंट ह्युबर्टस आणि शिंगांच्या मधोमध क्रूस असलेलं ते हरीण. ह्युबर्टस हा शिकाऱ्यांचा संत, ३ नोव्हेंबर हा त्याचा दिवस, त्यामुळे असल्या पाइपांवर तो हमखास भेटतो. वाटीला पितळी झाकण, नळीला हिरवी दोरी आणि गोंडे. विकणारा म्हणाला, शंभर वर्षांचा आहे. जुन्या बाजारात सगळंच शंभर वर्षांचं असतं.

जर्मन माणूस ह्या घडणीला गेश्टेकफाइफं म्हणतो, म्हणजे खोचून खोचून जोडलेला पाइप. आपल्याकडे माहीत असलेला ब्रायरच्या लाकडाचा पाइप दोन तुकड्यांचा असतो, ह्याचे पाच-सहा तुकडे होतात. वरची वाटी खाली मानेसारखी निमुळती होते. ती मान एका भांड्यात खोचलेली असते, आणि ह्या भांड्याचा आकार थेट गलोलीच्या बेचकीचा. एका फाट्यात वाटीची मान, दुसऱ्या फाट्यात लांब नळी, आणि मूठ असते तिथे बंद पोट. ह्या भांड्याला अबगुस म्हणतात, किंवा सरळ वासरझाक, म्हणजे पाण्याची पिशवी. ते लाकडाचं, शिंगाचं किंवा चिनी मातीचं असतं. माझं चिनी मातीचं आहे, म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरून दिसायची सोय नाही. नळी चेरीच्या लाकडाची, तिच्यावर वाकणारा एक छोटा तुकडा आणि टोकाला शिंगाची तोंडी.

पोट कशासाठी? ब्रायरचं लाकूड किंवा मीरशाम (पाइपांसाठी वापरतात तो पांढरा, सच्छिद्र दगड) ओल पिऊन घेतात. झिलई दिलेली चिनी माती एक थेंबही पीत नाही. तापलेल्या धुरातली वाफ त्यामानाने गार असलेल्या मानेला लागली की तिचं पाणी होतं, ते तंबाखूचं कीट घेऊन खाली ओघळतं आणि पोटात साठतं. धूर मात्र बेचकीच्या वरच्या वर वळून दुसऱ्या फाट्यातून नळीत शिरतो. ज्याने हे पहिल्यांदा योजलं त्याला मानलं पाहिजे.

आता माझ्या चुका. कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं की तंबाखू ओला आहे. तेही खोटं नाही. मी आधी गोडसर वासाचा, पाकिटातून काढला की बोटांना चिकटणारा तंबाखू ओढत होतो. ह्या पाइपला तो चालत नाही. ह्याला लागतो जाड आणि कुरळा कापलेला, ज्याला इकडे क्र्युलश्निट म्हणतात. चिमटीत दाबला आणि सोडला की तो पुन्हा फुलला पाहिजे. गोळा होऊन बसला तर अजून अर्धा तास कागदावर पसरून ठेवा. मी तंबाखू बदलला, वाळवला, एकदा तर इतका वाळवला की खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. गुडगुड कमी झाली, पण गेली नाही.

ती जाणारही नव्हती. तंबाखू कितीही सुका घ्या, जळताना पाणी तयार होतंच. पानात हायड्रोजन असतो, तो हवेतल्या ऑक्सिजनशी जुळला की पाणी. चुलीवर ठेवलेल्या गार पातेल्याच्या बुडाला सुरुवातीला घाम येतो ना, तसंच. म्हणजे वाळवून फक्त पानात आधीपासून असलेली ओल जाते, जळण्यातून होणारं पाणी कुठेही जात नाही. हे कळलं तेव्हा 'पाणी येऊ नये' हा नाद मी सोडला. पाणी येणारच, ते नळीपर्यंत का पोचतं हा खरा प्रश्न.

दुसरा संशय होता बसण्यावर, आणि तो निम्मा खरा निघाला. पोट कायम सगळ्यात खाली राहिलं पाहिजे. खुर्चीत ताठ बसलात, वाटी तुमच्या पोटाशी किंवा मांडीजवळ लोंबते आहे, नळी वर तोंडाकडे येते आहे, तर ठीक. सोफ्यावर रेललात आणि वाटी छातीवर घेतलीत की पोटातला रस सरळ नळीत. मध्येच पाइप टेबलावर आडवा ठेवलात तरी तेच. जुन्या चित्रांत हे पाइप भिंतीवर किंवा घडवंचीत उभे टांगलेले दिसतात, ते शोभेसाठी नाही. मी दारामागच्या खुंटीला दोरीने अडकवायला लागलो. आवाज पंधरा दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी येऊ लागला, इतकाच फरक.

तिसरं, मी साफसफाई वाढवली. दर रविवारी पूर्ण पाइप उघडून धुवायचो. आज हसू येतं, कारण पाइप त्यामुळेच बिघडत होता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त वनाधिकारी राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांना मी रडगाणं ऐकवलं. त्यांनी तंबाखूबद्दल एक शब्द विचारला नाही. नळी अबगुसमधून पिळून बाहेर काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नळीचं खालचं टोक माझ्यासमोर धरलं. "हे बाहेरून काळं कशाने झालं, सांगा."

नळी आतून काळी असणार, धूर आतून जातो. पण टोकाच्या बाहेरच्या अंगाला जवळजवळ एक सेंटीमीटर उंचीचा ओला काळा पट्टा होता. विहिरीत सोडलेल्या बादलीच्या दोरावर ओलाव्याची खूण राहते तसा. म्हणजे नळी पोटातल्या रसात बुडत होती.

घरी येऊन मोजलं. कबाब भाजायची लाकडी काडी फाट्यातून आत सोडली. फाट्याच्या काठापासून बेचकीच्या जोडापर्यंत, म्हणजे दोन फाटे मिळतात तिथपर्यंत, ३१ मिलिमीटर. नळीचं टोक त्या काठापासून आत जात होतं ३५ मिलिमीटर. जोडाच्या ४ मिलिमीटर खाली, थेट पोटात. मग इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी घालून पाहिलं. जोडापर्यंत पोट भरायला साडेसहा मिलिलिटर लागलं, पण नळीच्या टोकापर्यंत पाणी पोचायला जेमतेम चार. आणि एका वाटीमागे माझ्याकडे साधारण एक मिलिलिटर रस जमतो, कधी थोडा जास्त. तीन-चार वाट्या झाल्या की गुडगुडी तयार. मी दर वेळी पोट रिकामं करत नव्हतो, हा आळस त्यात मिळवा.

नळी एवढी खाली गेली कशी, हे त्याहून मजेदार आहे. नळीचं टोक निमुळतं असतं. त्याच्यावर बुचाची पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि ती फाट्यात घट्ट बसते. नळी किती आत जाणार हे ती पट्टीच ठरवते, दुसरा कसलाही अडसर नाही. मी दर रविवारी पाइप सोडवायचो आणि जोडताना 'नीट बसू दे' म्हणून एक जास्तीचा पीळ आणि दाब द्यायचो. ओलं बूच दबतं. पुढच्या वेळी नळी अर्धा मिलिमीटर आणखी आत. सैल वाटलं की मी आणखी दाबायचो. ज्या पाइपचं नावच 'खोचलेला' असं आहे त्याच्या खोचण्याकडे मी वर्षभर बघितलं नव्हतं.

दबलेल्या बुचाचा दुसराही त्रास असतो. तिथून हवा शिरते. हवा शिरली की ओढ कमी लागते, मग आपण जोरात ओढतो, वाटी तापते, जास्त वाफ होते आणि जास्त पाणी. दोन्ही बाजूंनी तोटा. तुमच्या पाइपात हे होतंय का, ते तपासायला दोन मिनिटं पुरतात. वाटी रिकामी आणि गार असताना तिच्या तोंडावर तळवा घट्ट दाबा आणि तोंडीतून हवा ओढा. गाल आत ओढले जाऊन तसेच राहिले पाहिजेत. सुस्कारा ऐकू आला तर गळती आहे. मग वाटी काढा, अबगुसच्या मोकळ्या फाट्यावर अंगठा ठेवून पुन्हा ओढा; आता गळती थांबली तर दोष वाटीच्या जोडात. नाही थांबली तर नळी काढून तिचं टोक बोटाने बंद करा, आणि असंच एकेक तुकडा वर जात शोधा. वाकणाऱ्या तुकड्यापाशी गळत असेल तर सुस्कारा टाकायची पाळी तुमची, त्याबद्दल खाली लिहितो.

दुरुस्तीही खालच्या मजल्यावरच्या ह्या आजोबांनीच शिकवली. जुनी पट्टी नखाने आणि बोथट सुरीने पूर्ण काढायची. घासकागद लाकडाला लावायचा नाही. नळी वाइक्सेलच्या लाकडाची असेल, म्हणजे त्या सुगंधी रानचेरीची, तर साल मुद्दामच ठेवलेली असते आणि वास त्या सालीलाच असतो. व्हिएन्नाजवळच्या बाडेनला ह्या चेरीची खास पाइपांसाठी लागवड व्हायची. साल तासलीत की गेली.

मग नळीवर आतून मोजलेली खोली पेन्सिलीने आखायची. माझ्याकडे जोड ३१ मिलिमीटरवर, म्हणून रेघ २४ वर, सात मिलिमीटर हाताशी ठेवून. आता मोच्याकडचा तागाचा दोरा घ्यायचा आणि मधमाश्यांच्या मेणावरून दोन-तीनदा ओढायचा. आपल्याकडे प्लंबर नळाच्या आट्यांवर धागा गुंडाळतो तसाच गुंडाळायचा, फक्त टोकाचे पाच मिलिमीटर मोकळे सोडून, म्हणजे धाग्याला रस लागत नाही. रेघेपाशी आलात की तिथेच आठ-दहा वेढे एकावर एक चढवून एक कडं करायचं, फाट्याच्या तोंडापेक्षा जाड. हे कडंच अडसर. कितीही दाबलं तरी नळी ह्यापुढे जात नाही. माझ्यासारख्या दाबणाऱ्या माणसासाठी हा खास इलाज आहे, असं आजोबांनी न हसता सांगितलं.

वाटीच्या बाजूला मात्र मेणाचा दोरा नको. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मान तेवढी सहज तापते. तिथे बूचच हवं, एक मिलिमीटर जाडीची पट्टी, कडा तिरप्या कापून एकमेकींवर बसवलेली. ती चिकटवायला अगदी थोडा सरस पुरतो. जोड मात्र कधीही चिकटवू नका. स्मरणिकांच्या दुकानांत मिळणारे काही पाइप पक्के चिकटवलेले असतात. ते भिंतीवर छान दिसतात, ओढायचं नाव काढू नका, कारण ते उघडून साफच करता येत नाहीत.

टेफ्लॉनची टेप गुंडाळू का, असं तुमच्याही मनात येईल. माझ्या आलं होतं. निखाऱ्याच्या इतक्या जवळ आणि जो धूर आपण तोंडात घेणार त्याच्या वाटेवर मी ती लावणार नाही.

जोड अडकला असेल तर काय? लाकूड ओलाव्याने फुगतं आणि चिनी मातीच्या फाट्यात नळी अशी बसते की हलत नाही. पाइप गरम असताना ओढाताण केलीत तर मान तुटते. जुन्या बाजारात मान तुटलेल्या वाट्यांचे ढीग का असतात ते आता कळतं. दोन-तीन दिवस कोरड्या जागी उभा ठेवा, लाकूड आकसतं, मग सरळ धरून हळू पिळा. वाकवायचं अजिबात नाही.

बाकीचे किरकोळ त्रास भराभर सांगतो. वाटीच्या तळाचं भोक मोठं असतं आणि तंबाखूचे कण पोटात पडून गाळ होतो. आपल्याकडे चिलमीत खडा टाकतात त्याच कामासाठी इथे लहानशी धातूची जाळी मिळते, ती टाका. जाळी नसताना मी कोकणातून आणलेला एक गुळगुळीत खडा टाकून पाहिला. चालला, पण वाटी उलटी केली की दर वेळी सोफ्याखाली शोधत बसावं लागायचं.

पाइप सारखा विझत असेल तर झाकण बघा. त्याची भोकं किटाने बुजतात. दाभणाने मोकळी करा. झाकण शोभेचं नाही, ठिणगी बाहेर पडू नये म्हणून आहे. तरी झाकण आहे म्हणून जंगलात पेटवायचा विचार असेल तर सोडा. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आणि डॅन्यूब ओलांडली की लागणाऱ्या बायर्नमध्येही (म्हणजे बव्हेरियात) १ मार्च ते ३१ ऑक्टोबर जंगलात धूम्रपानाला बंदी आहे.

वाटी हाताला चटका देत असेल तर ती धरताय कशाला? चिनी माती तापतेच. हात अबगुसवर किंवा नळीवर. ब्रायरच्या वाटीत काजळीचा थर मुद्दाम वाढवतात, इथे त्याची गरज नाही. गार झाल्यावर कागदाने पुसून घ्या. राख काढायला वाटी झाडावर किंवा टाचेवर आपटू नका. गरम वाटी नळाखाली धरू नका, तडकते. चित्र आणि सोनेरी कड बहुधा झिलईच्या वर असते, त्यामुळे तारेची घासणी आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य. कोमट पाणी, साधा साबण, बाटली धुवायचा बारीक ब्रश. शिंगाची तोंडी गरम पाण्यात टाकली की मऊ पडून वाकते, तेव्हा तिलाही कोमटच.

वाकणारा तुकडा हा ह्या पाइपचा रडका पोर. आत तारेची गुंडाळी, वरून धाग्याचं विणकाम. पाणी घातलं तर वाळता वाळत नाही आणि वास कायमचा बसतो. मी त्यातून फक्त कोरडा पाइप क्लीनर फिरवतो. गळायला लागला तर तो बदलावाच लागतो.

आणि पोटातला रस. प्रत्येक वाटीनंतर ओता, 'उद्या बघू' नको. नुसतं घाण पाणी समजू नका, त्यात निकोटिन उतरलेलं असतं, आणि निकोटिनचं पाणी एकेकाळी झाडांवर कीटकनाशक म्हणून फवारत. ते कातडीतूनही शोषलं जातं. सांडलं तर हात धुवा, लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात कशात काढून ठेवू नका. तंबाखू कुठल्याही रूपात तब्येतीला वाईटच, हे मला माहीत आहे. माझा हल्ली आठवड्यातून एकच पाइप असतो, रविवारी संध्याकाळी, गॅलरीत.

कडं गुंडाळल्याला आता पाच महिने झाले. पेन्सिलीची रेघ काठाशी जिथल्या तिथे आहे, टोकाचा काळा पट्टा पुन्हा आलेला नाही आणि गुडगुड एकदाही ऐकलेली नाही. झाकणाची बिजागरी मात्र सैल झाली आहे. आजोबा म्हणतात, तिची खीळ त्यांच्या डब्यात सापडेल. डब्याची किल्ली त्यांना अजून सापडायची आहे.